पॉटचा दांडा

मंगरूळच्या आमच्या घरमालकांकडे ताप मोजायचा एक थर्मामीटर होता आणि तो त्यांनी माणसाच्या काखेत कधी लावला नाही. विहिरीचं पाणी वर आलं की ते बादलीत थर्मामीटर बुडवत. माठात बुडवत. माघातल्या पहाटे तुळशीच्या मातीत खोचून ठेवत. मग डोळ्यांजवळ धरून सगळ्या घराला ऐकू जाईल असं सांगत, "पंच्याण्णव."

तापाच्या थर्मामीटरवरचे आकडे पंच्याण्णवापासूनच सुरू होतात. त्याखाली काचेवर काही लिहिलेलं नसतं. हे मी त्यांना दोन वेळा समजावून सांगितलं. दोन्ही वेळा त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नळीचा दोष नाही, बाई. मंगरुळात पंच्याण्णवाच्या खाली जाईन अशी चीज अजून कोनं केलीच नाही. थंडी ही कराची असते. आपोआप पडते ते काही खरी नोहे."

मी तिथल्या मुलींच्या शाळेत नोकरीला लागले ती युद्धाच्या आधी. सोबत माझी आई होती. तिला ऐकू येत नसे, त्यामुळे त्या घरात सुखानं राहायला सगळ्यांत लायक तीच होती. जागा पाहायला गेले तेव्हा विचारायच्या गोष्टींची यादी माझ्याजवळ होती: पाणी, छपराची गळती, मोरी, ओसरीवर कपडे वाळत घालता येतील का. घरमालकांनी एकच प्रश्न विचारला, "हातात जोर हाय काय?"

मी हो म्हटलं. त्यांनी मला ओसरीच्या कोपऱ्यात नेलं. तिथे वाळ्याच्या पडद्याआड, पाटावर, एक लाकडी बादली ठेवली होती. लोखंडी पट्ट्यांनी बांधलेली. आत कथलाचा लांबट डबा, डब्यात लाकडी पाती, वर दातेरी चाकं आणि बाजूला फिरवायचा दांडा. आईस्क्रीमचा पॉट. अकोल्याला बदली होऊन जाणाऱ्या कुणा साहेबाच्या सामानाचा लिलाव झाला, त्यातून घेतलेला. त्यांनी मला पन्नास फेरे मारायला लावले, स्वतः मोजले आणि म्हणाले, "खोल्या तुमच्या."

वाळ्याचा पडदा दिवसातून चारदा भिजवायचा, तो त्या पॉटसाठी. घरमालक स्वतः पडद्याच्या बाहेर, उन्हाच्या झळांत, टोपीनं वारा घेत बसत. स्वयंपाकघरातली चूल त्यांनी पॉटपासून दूर, परसातल्या छपराखाली हलवली होती. "भांड्याले उन्हाची याद राहते," हे त्यांचं मत. होळी झाली की सराव सुरू होई. रोज संध्याकाळी हजार फेरे, कोरडे. आत दूध नाही, भोवती बर्फ नाही, नुसता खडखडाट. फेरे फक्त उजवीकडे. डावीकडे फिरवलं तर जमलेली थंडी उलगडते म्हणे. रिकाम्या डब्यात थंडी कुठून जमणार, असं मी एकदाच विचारलं. "सवय लागते ना भांड्याले," ते म्हणाले. माझ्या पाळीचे अडीचशे फेरे होते. पाळ्यांचा तक्ता मीच करून भिंतीवर लावला, कारण त्याआधी कोणी किती फिरवलं यावरून रोज वाद होत असे.

पाळीला तिसरे असत कल्हईवाले चाचा. ते बाजारात भांड्यांना कल्हई करत आणि दर उन्हाळ्यात या डब्यालाही करत. डबा कधी वापरलाच नव्हता, त्यामुळे एकावर एक कल्हईचे थर चढून तो आतून जरा अरुंद झाला होता. "मालक," चाचा म्हणत, "आणखी पाच साल कल्हई केली तं दुधाले जागा नाही राहनार."

एकदा सराव चालू असताना मी घरमालकांना विचारलं, "आईस्क्रीमची चव कशी असते?"

"थंड."

"आणखी?"

त्यांनी विचार केला. "गोड."

"बासुंदीसारखी?"

"बासुंदी थंड असते काय, बाई?" असं म्हणून त्यांनी दांडा जोरात फिरवायला घेतला. हे उत्तर नव्हतं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

या सगळ्याचं कारण त्यांचे थोरले भाऊ. थोरले त्याच घरात राहत. अंगणाच्या मधोमध गेरूची एक रेघ होती. अलीकडे घरमालक, पलीकडे थोरले, विहीर दोघांची. थोरल्यांची पत्नी वारली होती आणि एकुलती मुलगी इंझोरीला दिलेली होती. मी राहायला गेले तेव्हा दोघा भावांनी एकमेकांशी बोलणं सोडून अकरा वर्षं झाली होती. भिंत घातली नव्हती, कारण भिंत घालायची तर ती कुठून घालायची याबद्दल बोलावं लागलं असतं. दर पाडव्याला अंगण सारवलं की रेघ पुसली जाई. ती पुन्हा आखायचं काम माझ्याकडे आलं, कारण फूटपट्टी माझ्याकडे होती.

भांडणाची हकिकत मला दोन्ही बाजूंनी सांगितली गेली आणि दोन्हींत एका शब्दाचाही फरक नव्हता. घरमालक नागपूरला एका लग्नाला गेले होते. परत आल्यावर त्यांनी ओसरीवर, चार माणसांत सांगितलं की वैशाखाच्या उन्हात दूध गोठवतात, डब्याभोवती बर्फ आणि जाडं मीठ घालून, आणि ते मी खाल्लं. थोरले म्हणाले, "मिठानं दूध नासते. हे लहान लेकराले बी ठाऊक हाय. तू खोटं बोलून राह्यला." घरमालक म्हणाले, "म्या खाल्लं." थोरले म्हणाले, "नाही खाल्लं." इतकंच. वाटणी, शेत, बांध, यांतलं काहीही मध्ये नव्हतं. घरमालकांनी पॉट घेतला तो थोरल्यांना खोटं पाडायला आणि त्यानंतर दर वर्षी काही ना काही आडवं आलं. कधी बर्फ मिळाला नाही, कधी मिळाला तो शेलूबाजारला मोटार बंद पडून तिथेच वितळला.

दोघं समोरासमोर, आठ हातांवर बसत आणि माझ्यामार्फत बोलत.

"बाई, त्याले सांगा, त्याचा बैल सुटला."

मी सांगायचं, "तुमचा बैल सुटला." मग घरमालक उठत. मी सांगेपर्यंत ते हलत नसत. बैल त्यांच्या डोळ्यांदेखत फाटकाबाहेर गेला तरी. मी शाळेत असले की निरोप साठून राहत, म्हणून एक वही केली. डाव्या पानावर थोरल्यांचे, उजव्या पानावर घरमालकांचे. शाळेतून आल्यावर पाय धुऊन आधी वही वाचून दाखवायची, मग चहा.

एका दुपारी थोरल्यांच्या खाटेखाली साप निघाला. थोरले वर पडले होते, त्यांना दिसला नाही. घरमालकांना रेघेच्या अलीकडून दिसला. मी शाळेत. ते माझ्या आईकडे धावले. आईनं त्यांना बसायला पाट दिला. शेवटी ते रेघेपाशी येऊन सापालाच मोठ्यानं म्हणाले, "अरे, तू दादाच्या खाटेखाली काहून बसला?"

थोरले खाटेवर उभे राहिले, वाकून पाहिलं आणि सापाला म्हणाले, "त्याले सांग, दिसला मले."

हे मला संध्याकाळी दोघांनीही वहीत लिहायला लावलं.

माझ्या पहिल्या उन्हाळ्यात बर्फ अगदी घरापर्यंत आला. अकोल्याहून येणाऱ्या सर्व्हिस मोटारीच्या टपावर, भुशात पुरून, तरटात शिवलेला. पण घरमालक धूतवस्त्र नेसायला आत गेले आणि तेवढ्यात तो काकूंच्या हाती लागला. काकू म्हणजे त्यांची पत्नी. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही, हा त्यांचा नियम. बर्फाला सगळीकडून भुसा चिकटला होता. त्यांनी विहिरीवर नेऊन तो नीट, चोळून, पाच-सहा बादल्या पाण्यात धुतला. घरमालक बाहेर आले तेव्हा काकूंच्या तळहातावर लिंबाएवढा एक खडा होता.

"इतकाच निघाला निवडून," काकू म्हणाल्या. "बाकी समदा भुसाच होता. फसवते तो अकोल्यावाला तुमाले."

पलीकडून थोरल्यांचा आवाज आला, "बाई, त्याले सांगा, इतक्यात एका मानसाचं सरबत होते."

घरमालक दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवले आणि पॉटला पुन्हा कल्हई करून घेतली.

पुढच्या वर्षी, पाडव्याच्या नंतर, थोरल्यांनी मला निरोप दिला. त्यांनी शेत ठोक्यानं दुसऱ्याला कसायला दिलं होतं. गुडघे धरत होते. अक्षय तृतीया झाली की दुसऱ्या दिवशी रेंगीनं, म्हणजे छोट्या बैलगाडीनं, ते इंझोरीला लेकीकडे जाणार होते, कायमचे. "त्याले सांगा, रेघ पुसली तरी चालते आता."

मी सांगितलं. घरमालक दांड्यावर हात ठेवून बसून राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी, मी शाळेला निघताना, ते दारात आले.

"बाई, दादा गेले म्हंजे मी खोटा राह्यलो. जलमभर. मंग मी ते एक काय, शंभर डबे गोठवले तरी कोनाले दाखवू?"

मग खाली बघून म्हणाले, "तुमी याद्या करता. एक करून द्या."

मी केली. तेवीस कलमं झाली. बर्फ दोन पोती, अकोल्याला आठ दिवस आधी पत्र. मोटारवाल्याला सांगणे की शेलूबाजारला पोती सावलीत थांबवावीत. दूध आदल्या दिवशी साखर घालून आटवून, गाळून, गार करून. जाडं मीठ अडीच शेर, आणून वेगळ्या डब्यात भरून ठेवणे. पॉटच्या डब्याचं झाकण उघडण्याआधी वरचं पाणी कोरड्या फडक्यानं पुसणे. नववं कलम जाड अक्षरात होतं: बर्फ धुऊ नये. ते मी काकूंना दोनदा वाचून दाखवलं आणि त्यांनी दोनदा मान डोलावली. माणसं किती चुका करू शकतात याचा अंदाज घेऊन मी ती यादी केली होती आणि तो अंदाज कमी पडला.

तृतीयेच्या दिवशी दुपारी मोटार आली. टपावरून पोत्यांतून पाणी गळत होतं आणि मागच्या बाकावरची माणसं भिजलेली, खूश, उतरायला तयार नव्हती. बर्फ आला. काकूंनी त्याला हात लावला नाही. पदर तोंडाला लावून लांब उभ्या राहिल्या. चाचांनी लाकडी मोगरीनं तो फोडला. डबा दुधानं भरला, झाकण बसवलं, भोवती बर्फाचा थर, मग पांढरा चुरा, मग बर्फ. घरमालक बादलीपुढे मांडी घालून बसले. पलीकडे थोरले खाटेवर सुपारी कातरत होते. शेजारी त्यांची ट्रंक आणि बांधलेली वळकटी.

"दांडा जड झाला म्हंजे जमलं," घरमालक म्हणाले. "शेवटी दोन मानसं लागतात फिरवाले."

पाचशे फेरे झाले. दांडा हलका. हजार झाले. चाचांनी घेतला. मी घेतला. दीड हजारांवर दांडा इतका हलका होता की त्याला करंगळीनंही फिरवता आलं असतं. घरमालकांचा चेहरा उतरत चालला होता.

"बाई, त्याले सांगा," थोरले म्हणाले, "इतकं घुसळलं असतं तं आतापोतर लोनी तरी निघालं असतं."

मी सांगितलं. घरमालक फिरवत राहिले.

"मालक, दूध तं आपल्या जागी बसून हाय," चाचांनी झाकणाला कान लावून सांगितलं. "आतमंदी डुबुक-डुबुक करते."

दोन हजार. बर्फ निम्मा झाला होता. मी यादी पहिल्यापासून तपासली. तेवीसच्या तेवीस कलमांवर खूण होती. बर्फ, मीठ, दूध, फेरे, दिशा, सगळं बरोबर. घरमालक थांबले. त्यांनी दांडा सोडला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. त्या बारा वर्षांच्या मी ऐकलेल्या कुठल्याही हकिकतीत त्यांनी दांडा मध्येच सोडला नव्हता.

थोरले खाटेवरून थोडे वाकले. अडकित्ता बाजूला ठेवला.

"बाई," ते म्हणाले, "त्याले इचारा, मिठाले मुंग्या कधीपासून लागाले लागल्या?"

आम्ही सगळ्यांनी खाली पाहिलं. विहिरीकडून मुंग्यांची एक बारीक रांग निघून, गेरूची रेघ ओलांडून, बादलीखाली साचलेल्या पाण्याकडे येत होती.

चाचांनी त्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं. मग पुन्हा लावलं. "शक्कर," ते म्हणाले.

काकूंनी पदर आणखी पुढे ओढला. थोरल्यांसमोर त्या बोलत नसत, म्हणून मला आत नेऊन, पाठ करून आणल्यासारखं सांगितलं. दूध आणि मीठ एका ठिकाणी आलं की अंगावर कोड उठतं, हे त्यांच्या माहेरी सगळ्यांना ठाऊक होतं. भाऊजी उद्या जायचे. जाताना त्यांना कोड लावून पाठवायचं का? म्हणून त्यांनी यादीतलं अडीच शेर मीठ काढलं, ते सकाळीच परसात ओतलं आणि मिठाच्या डब्यात तेवढीच खडीसाखर कुटून भरली. "यादीत अडीच शेर होतं ना? मोजूनच टाकली, बाई. कमी नाही केली." आज साखर कार्डावर मिळते आणि मी ती चमच्यानं काढते. त्या अडीच शेरांची मला अजून आठवण येते.

बाहेर येऊन मी सांगितलं. घरमालकांनी डोळे मिटले. वैशाखातली दुपार, बाजार झोपलेला, उरलेला बर्फ अर्ध्या तासाचा. जाडं मीठ घरात दुसरं नव्हतं. होतं ते रेघेच्या पलीकडे. थोरल्यांकडे कैरीच्या लोणच्यासाठी भरून ठेवलेली मिठाची बरणी होती आणि ती इंझोरीला न्यायला ट्रंकेशेजारीच ठेवलेली होती. सगळे त्या बरणीकडे पाहत होते. घरमालक सोडून.

"मी मागू का?" मी त्यांना विचारलं.

"मागू नका. देनार नाही ते. काहून देतीन? हरलो ना मी."

थोरल्यांनी हे आठ हातांवरून ऐकलं होतं. तरी ते मी सांगायची वाट पाहत बसले. मी सांगितलं.

"त्याले सांगा," थोरले म्हणाले, "साखरेनं हरला तं हरला कायचा? म्या बारा वर्सं म्हनून राह्यलो, मिठानं नासते. मंग मिठानंच नासू द्या. मले ते पाहूनच जाचं हाय."

त्यांनी बरणी उचलली, गुडघ्यांवर हात देत रेघेपर्यंत आले. मी घ्यायला हात पुढे केला. त्यांनी बरणी मागे घेतली.

"हातात नाही देत मीठ. भांडन होते."

"तुमचं बारा वर्षं चालूच आहे," मी म्हटलं.

"ते त्याच्यासंग. तुमच्यासंग कायले करू?" त्यांनी बरणी रेघेवर ठेवली. बरोबर रेघेवर, अर्धी अलीकडे, अर्धी पलीकडे. घरमालकांनी ती उचलली.

साखरेचं पाणी ओतलं, उरलेला बर्फ भरला, मीठ घातलं. घरमालकांनी दांडा हातात घेतला. शंभर. दोनशे. बादलीला बाहेरून घाम फुटला आणि मग तो घाम पांढरा झाला. तीनशेंवर घरमालकांनी हात थांबवला, दांड्याकडे पाहिलं आणि पुन्हा फिरवला.

"जड," ते म्हणाले.

चाचा बादलीवर पोतं टाकून बसले, ती हलू नये म्हणून. घरमालक दोन्ही हातांनी फिरवू लागले. कपाळावरच्या शिरा दिसू लागल्या. मी मदतीला गेले. आम्हा दोघांनाही तो नीट फिरवेना.

"बाई, त्याले सांगा, नाटक पुरे," थोरले म्हणाले. उत्तर द्यायलाही आमच्या कुणाच्या अंगात दम नव्हता. ते थोडा वेळ पाहत राहिले. मग त्यांनी धोतर सावरलं, रेघ ओलांडली, मला बाजूला केलं आणि दांड्यावर हात ठेवला. जन्मभर मोट हाकलेला हात. दांडा फिरला, कुरकुरला, पुन्हा फिरला. थोरल्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पूर्वी फक्त शाळेत पाहिलं होतं, एखाद्या मुलीला भागाकार पहिल्यांदा जमतो तेव्हा. शेवटचे शंभर फेरे दोघा भावांनी मारले. मी मोजले. चौतिसाव्या फेऱ्याला थोरल्यांचा हात डावीकडे गेला तेव्हा घरमालकांनी तो धरून उजवीकडे वळवला.

झाकण पुसून उघडलं. आत पांढरं, घट्ट, पात्यांना धरून बसलेलं. पळी उभी केली तर उभी राहिली. नासलेलं नव्हतं. काकूंनी वाट्या आणल्या. पहिली वाटी मी थोरल्यांपुढे धरली.

"आधी त्याले द्या," थोरले म्हणाले. "त्यानं खाल्लेलं हाय. त्याले चव ठाऊक हाय. तो सांगीन, हे तेच हाय काय."

घरमालकांनी वाटी घेतली. चमचा भरला, तोंडात घातला आणि चावला. लाडू चावतात तसा. एकदम त्यांचा हात गालावर गेला, डोळ्यांत पाणी आलं, तोंड उघडलं, मिटलं, आणि ते चमच्याकडे असं पाहू लागले की जणू त्याच्यात कोणी बसलं आहे.

थोरले त्यांच्याकडे बघत होते.

"पहिल्यांदाच खाऊन राह्यला तू," ते म्हणाले.

मी सवयीनं घरमालकांकडे वळले. "ते म्हणताहेत की तुम्ही पहिल्यांदाच—"

"ऐकलं म्या," घरमालक म्हणाले.

आम्ही सगळे घरमालकांकडे पाहू लागलो. माझी आई तेवढी खात होती.

"नागपूरले म्या फिरवलं," घरमालक वाटीत पाहत म्हणाले. "दीड तास. लग्नघरी मानसं कमी होती, मले म्हनले, बसा. मीठ टाकताना पायलं, बर्फ टाकताना पायलं, जड झालेला दांडा या हातानं फिरवला. मंग पंगती बसल्या. मी तिसऱ्या पंगतीत होतो. दुसऱ्या पंगतीत संपलं."

"मंग खाल्लं कायले म्हनला?"

"फिरवलं म्हनलो असतो तं तुमी म्हनले असते, दुसऱ्याच्या घरी जाऊन नोकरासारखा दांडा फिरवत बसला."

थोरल्यांनी यावर प्रामाणिकपणे विचार केला. "म्हनलो असतो," ते म्हणाले.

मग त्यांनी स्वतःची वाटी घेतली. पहिला चमचा त्यांनीही चावला. आम्ही वाट पाहत होतो.

"कसं आहे?" मी विचारलं.

"थंड हाय."

"आणखी?"

"गोड."

घरमालकांनी खिशातून थर्मामीटर काढून आईस्क्रीममध्ये खोचला, थांबले, काढला, धोतराला पुसला आणि डोळ्यांजवळ धरला. "पंच्याण्णव," ते म्हणाले, पण या वेळी सगळ्या घराला नाही, फक्त भावाला. थोरल्यांनी थर्मामीटर हातात घेऊन उलटसुलट पाहिला. वाटीत बोट बुडवलं.

"खोटी हाय ते तुही नळी हाय," ते म्हणाले आणि दुसरी वाटी मागितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेंगी आली. मला वाटलं होतं, आता थोरले राहतील. राहिले नाहीत, ट्रंक भरलेली होती, लेकीला निरोप गेलेला होता आणि ते केलेला बेत मोडणाऱ्यांतले नव्हते. काकू त्यांच्या पाया पडल्या. कोड उठलंय का ते त्यांनी पदराआडून त्यांच्या हातांवर, मानेवर पाहून घेतलं. घरमालक वाळ्याच्या पडद्याआडून पॉट उचलून घेऊन आले आणि रेंगीपाशी ठेवला.

"घेऊन जा, दादा. तिकडं बी ऊन असते."

"माह्या एकट्याच्यानं थोडाच फिरते तो?" थोरले म्हणाले. त्यांनी वाकून वरच्या चाकाची खीळ काढली, दांडा उपसला, उपरण्यात गुंडाळून बगलेत धरला आणि रेंगीत चढून बसले.

"भांडं राहू दे तुह्याजवळ," ते म्हणाले. "दांडा मी नेतो. फिरवाचं असन तवा बोलावजो."

घरमालकांनी विचारलं, "बाईच्या हातून निरोप धाडू काय?"

"तुले तोंड नाही काय?" थोरले म्हणाले आणि रेंगी निघाली.

दांडा नसल्यामुळे सराव बंद पडला. संध्याकाळी घरमालक पॉटपुढे बसत, पण करण्यासारखं काही नसे. निरोपांची वहीही बंद झाली. ती मी शाळेत हजेरीसाठी वापरली. पाडव्याला अंगण सारवलं, रेघ पुसली आणि ती पुन्हा आखा असं मला कोणी सांगितलं नाही.

पुढच्या वैशाखात मी यादी नव्यानं लिहून काढली. चोवीस कलमं झाली. मीठ अडीच शेर या कलमापुढे 'मीठच' असं लिहिलं. बर्फ धुऊ नये, हे कायम ठेवलं. सगळ्यांत वर, बर्फाच्याही आधी, घरमालकांच्या सांगण्यावरून एक नवं कलम आलं: दांडा इंझोरीहून आणणे. मी ते लिहून पुढच्या कलमाकडे वळले तेव्हा त्यांनी माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि पुढे स्वतःच्या अक्षरात लिहिलं, "दादासकट. मी सोता जाईन."